हवेतल्या पाण्याची किंमत

पौष-माघात हरभऱ्याला घाटे धरू लागले की काही शेतकरी संध्याकाळी पिकावर स्वच्छ धुतलेलं फडकं अंथरतात. रात्रभर त्यावर दव पडतं, हरभऱ्याच्या लवेतून पाझरणारं आम्ल त्या दवात उतरतं आणि उजाडताच फडकं पिळलं की भांड्यात हरभऱ्याची आंब जमते. पोटाच्या तक्रारींवरचं घरगुती औषध म्हणून ती बाटलीत भरून जपून ठेवली जाते. त्या बाटलीतलं आम्ल झाडाचं असतं, पण पाणी बहुतेक सगळं रात्रीच्या हवेतलं. हवेतून पाणी काढायचं म्हटलं की आज डोळ्यांपुढे यंत्रं येतात. हेच काम आपल्याकडच्या शेतात साध्या फडक्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे.

पृथ्वीभोवतीच्या हवेत कोणत्याही क्षणी सुमारे १२,९०० घन किलोमीटर पाणी असतं. ते सगळं एकदम खाली आलं, तर जगभर सरासरी २५ मिलिमीटर पाऊस पडेल. जूनमधल्या एखाद्या बऱ्या सरीइतकाच. मात्र हा साठा सतत खेळता असतो. समुद्रातून, नद्यांतून, झाडांच्या पानांतून वर गेलेली वाफ साधारण आठ-दहा दिवसांत पुन्हा खाली येते आणि तिची जागा नवी वाफ घेते. त्यामुळे माणसाने हवेतलं पाणी उपसून ते संपेल, ही भीती निराधार आहे. खरी अडचण उष्णतेची आहे.

एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता पोटात घेतं. शाळेत आपण तिला अप्रकट उष्मा म्हणून शिकलो. विजेच्या हिशेबात ती भरते ०.६८ युनिट. त्या वाफेचं पुन्हा पाणी करायचं, तर ही सगळी उष्णता तिच्याकडून काढून घ्यावी लागते आणि दुसरीकडे कुठेतरी नेऊन टाकावी लागते. यातून सुटका नाही. कितीही हुशार यंत्र आणलं तरी निसर्ग हा हिशेब पूर्ण वसूल करतो. म्हणून हवेतून पाणी देणाऱ्या कुठल्याही योजनेला मी आधी एकच प्रश्न विचारेन: ही उष्णता कोण वाहून नेणार आहे? रात्रीचं आकाश, डोंगर चढणारा वारा, वीज, की ऊन? उत्तर जागेप्रमाणे बदलतं आणि जागा न पाहता निवडलेली योजना बुडते.

दवाच्या बाबतीत हे काम आकाश करतं. निरभ्र रात्री गवत, पत्रा, फडकं अशा उघड्या वस्तू आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतीच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतात. त्यांचं तापमान हवेच्या दवबिंदूखाली गेलं की वाफेचे थेंब होतात. चौरस मीटरमागे साधारण ६० ते १०० वॅट इतकी उष्णता अशी निघून जाते. ८० वॅट धरले, तर दहा तासांच्या रात्रीत ०.८ युनिट, म्हणजे कागदावर एक लिटरहून थोडं अधिक पाणी. प्रत्यक्षात हवा त्या पृष्ठभागाला सतत ऊब देत असते, म्हणून अभ्यासक कमाल मर्यादा रात्रीला ०.८ लिटरच्या आसपास मानतात. अर्धा लिटर मिळालं तर रात्र उत्तम गेली म्हणायचं. आभाळ भरून आलं किंवा वारा सुटला की तेवढंही नाही.

ही मर्यादा माहीत नसल्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात मोठे खर्चिक प्रयत्न झाले. क्रिमियातल्या फिओडोसिया शहराजवळ झिबोल्ड नावाच्या वनाधिकाऱ्याला डोंगरावर दगडांचे प्रचंड ढीग सापडले. जवळपास मातीच्या जुन्या नळांचे अवशेषही होते. प्राचीन ग्रीकांनी हवेतून पाणी काढण्यासाठी हे ढीग रचले असावेत, असा त्याचा तर्क झाला आणि तो पडताळण्यासाठी त्याने स्वतः समुद्रकाठच्या गोट्यांचा तसाच एक ढीग वीस मीटर व्यासाच्या कुंडावर उभारला. १९१२ मध्ये त्यातून दिवसाला ३६० लिटरपर्यंत पाणी मिळाल्याची नोंद आहे. पुढे तळाला गळती लागली आणि काही वर्षांत प्रयोग थांबला. नंतरच्या उत्खननांत कळलं की ते प्राचीन ढीग म्हणजे थडगी होती. मूळ तर्कच चुकीचा निघाला, तरी त्यावर उभा केलेला ढीग थोडंफार पाणी देत होता, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. त्याचं कारण असं सांगतात की गोल गोटे एकमेकांना अगदी थोड्या जागी टेकतात, त्यामुळे वरच्या थरातल्या गोट्यांना खालून ऊब मिळत नाही आणि ते आकाशाखाली चांगले गार होतात.

फ्रान्समध्ये त्रांस-आं-प्रोव्हांस इथे बेल्जियन अभियंता आशिल क्नापेन यांनी १९३०-३१ मध्ये सुमारे १४ मीटर उंचीचा, जाड भिंतींचा दगडी घुमट बांधला. रात्री थंड झालेली ही दगडांची रास दिवसा आत येणाऱ्या हवेतलं पाणी ओढून घेईल, अशी कल्पना. एका रात्रीत जेमतेम एखादी बादली मिळायची. जाड दगड दिवसभराची ऊब धरून ठेवतो. एका रात्रीत तो पुरेसा गार होत नाही. दवाला लागते ती याच्या नेमकी उलट वस्तू: हलकी, पातळ, खालून उष्णता अडवलेली आणि आकाशाला तोंड करून पसरलेली. हरभऱ्यावरचं फडकं या कसोटीला पूर्ण उतरतं. तो घुमट आजही उभा आहे.

हा धडा आपल्या देशात ज्यांनी नीट वापरला, ते अहमदाबादच्या आयआयएममधले तेव्हाचे प्राध्यापक गिरजा शरण. कच्छच्या किनारपट्टीवर पाऊस तुटपुंजा आणि भूजल खारं. पण समुद्रावरून येणारी हवा दमट, आणि छपरांवरून पहाटे दव ओघळताना लोक पाहत होतेच. २००१ पासून शरण यांनी कोठारा आणि आसपासच्या गावांत मोजमाप सुरू केलं. तिथे ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत दव पडतं, म्हणजे नेमकं पाऊस नसलेल्या आठ महिन्यांत. साध्या पत्र्याच्या छपरांवर आणि उष्णता लवकर सोडणाऱ्या खास प्लास्टिकच्या पातळ पडद्यांवर किती पाणी जमतं, याची त्यांनी तुलना केली. मग पानंध्रो इथल्या लिग्नाइट खाणीच्या परिसरात ८५० चौरस मीटरचा दव-प्रकल्प उभा राहिला. उताराच्या पडद्यांवरून ओघळून पाणी पन्हळीत, तिथून नळीने टाकीत. वीज नाही, फिरणारा भाग नाही.

दवाने गावाची तहान भागणार नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. पन्नास चौरस मीटरचं छप्पर धरलं आणि रात्रीला चौरस मीटरमागे सरासरी शंभर-दीडशे मिलिलिटर मिळाले, तर सकाळी पाच-सात लिटर हाती येतात. एका कुटुंबाच्या पिण्याला तेवढे पुरतात. आंघोळीला, गुरांना नाही. पण खाऱ्या विहिरीच्या गावात पिण्याचे पाच लिटर गोडं पाणी म्हणजे डोक्यावरचा एक हंडा आणि त्यामागची पायपीट कमी. पावसाचं पाणी धरायला छपराला पन्हळ आणि खाली टाकी असेल, तर दवासाठी वेगळा खर्च फारसा नाही. पत्र्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: नवा चकचकीत पत्रा उष्णता बाहेर सोडण्यात मठ्ठ असतो, त्यावर रंगाचा हात दिला की तो जास्त गार होतो आणि जास्त दव धरतो. पाणी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा बरोबर घेऊन येतं, म्हणून पहिली धार सोडून द्यायची आणि बाकीचं गाळून उकळायचं.

धुक्याची गोष्ट वेगळी. धुक्यात वाफेचं पाणी आधीच झालेलं असतं. डोंगर चढताना हवा प्रसरण पावते, थंड होते, आणि उष्णतेचा सगळा हिशेब आपण हात लावण्यापूर्वीच चुकता झालेला असतो. माणसाने फक्त थेंब अडवायचे. धुक्याच्या घनमीटरभर हवेत द्रवरूप पाणी जेमतेम ०.०५ ते ०.५ ग्रॅम असतं. मुंबईच्या साध्या दमट हवेत वाफ त्याच्या किती तरी पट. तरीही धुकं परवडतं, कारण वारा ते फुकट वाहून आणतो. सेकंदाला पाच मीटरचा वारा एक चौरस मीटर जाळीतून तासाला १८,००० घनमीटर हवा नेतो. त्यातला छोटासा हिस्सा अडकला तरी जाळी निथळू लागते.

चिलीच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्रातला थंड हम्बोल्ट प्रवाह असं धुकं सतत तयार करतो. तिथले लोक त्याला कामांचाका म्हणतात. पाऊस अगदी नगण्य, पण डोंगरमाथे ढगात. चुंगुंगो या कोळ्यांच्या छोट्या गावात पाणी टँकरने यायचं. गावामागे एल तोफो नावाचा डोंगर, त्यावर बंद पडलेली लोखंडाची खाण. १९८७ पासून तिथे चिलीचे आणि कॅनडाचे संशोधक प्रयोग करू लागले. पिलार सेरेसेदा आणि रॉबर्ट शेमेनॉवर ही त्यांतली दोन मोठी नावं. शेतीत सावलीसाठी वापरतात तीच प्लास्टिकची जाळी, दुहेरी लावलेली; एकेक जाळी १२ मीटर लांब, ४ मीटर उंच, दोन खांबांमध्ये ताणलेली, खाली पन्हळ. १९९२ मध्ये नळाने पाणी गावात आलं. सुमारे शंभर जाळ्यांतून दिवसाला सरासरी १५,००० लिटर पाणी उतरायचं. ज्यांनी पाणी मोजून-मापून वापरलं, त्यांच्या परसात भाजीपाला उगवला. जगभरातून लोक ते पाहायला आले.

दहा-बारा वर्षांत ते सगळं मोडकळीला आलं. वाऱ्याने जाळ्या फाटत, दोर सैल होत, आणि दुरुस्ती कोणी करायची हा प्रश्न कधीच पक्का सुटला नाही. पाणी आलं म्हणून गाव वाढलं, आणि वाढलेल्या गावाला धुकं पुरेना. धुक्याचं पाणी रोज सारखं नसतं. काही आठवडे ते येतच नाही. लोकांना शहरासारखा खात्रीचा नळ हवा होता आणि ते मागणं मला तरी पूर्ण रास्त वाटतं. संशोधकांनी पाणी मिळतं हे सिद्ध केलं होतं. ते वर्षानुवर्षं मिळत राहावं यासाठी फाटलेली जाळी दुसऱ्या दिवशी शिवणारा, त्याचा पगार असलेला माणूस लागतो. आपल्याकडच्या किती तरी नळपाणी योजना याच कारणाने बंद पडल्या आहेत, त्यामुळे चुंगुंगो परकं वाटत नाही.

मोरोक्कोत अट्लास पर्वताच्या पश्चिम टोकाला, बुतमेझगिदा डोंगरावर, दार सी हमाद या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात या अनुभवाचा उपयोग झालेला दिसतो. जाळीचं विणकाम दणकट, मागे आधाराला दुसरी जाळी, ताण पडला की रबरी जोड थोडे सैल होतात आणि वारा निघून जातो. नळ घरापर्यंत नेले आहेत. पूर्वी तिथल्या बायकांचे दिवसाचे कित्येक तास पाणी वाहण्यात जात. २०१६ मध्ये या प्रकल्पाला संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक कार्यक्रमाचा पुरस्कार मिळाला.

मग सह्याद्रीवर जाळ्या का लावू नयेत? महाबळेश्वर, आंबोली इथे धुकं वाऱ्यासकट येतं ते पावसाळ्यात, जेव्हा पाण्याला तोटा नसतो. हिवाळ्यात देशावरच्या नदीखोऱ्यांत पहाटे धुकं साचतं खरं, पण ते निवांत, वारा नसलेल्या रात्री तयार होतं. न हलणारं धुकं जाळीला काही देत नाही. चिलीचा डोंगर उचलून इथे आणता येत नाही, आणि इथे जाळ्या लावण्याच्या कल्पनेवर पैसा घालण्याआधी एवढं पाहायला हवं.

आता यंत्रं. ही आतून एसीसारखीच असतात: पंखा हवा ओढतो, ती थंड नळ्यांवरून जाते, पाणी ठिबकतं, गाळलं जातं, क्षार घालून प्यायला मिळतं. हैदराबादच्या एका कंपनीचं ‘मेघदूत’ हे यंत्र सिकंदराबाद स्थानकात आलं, आणि २०२२ मध्ये मध्य रेल्वेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादर, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी आणि ठाणे या स्थानकांवर ते बसवायची योजना आखली. जागा चांगली निवडली, कारण मुंबईची हवा या कामाला फार सोयीची आहे.

किती सोयीची ते मोजू. ३० अंश तापमान, ७५ टक्के आर्द्रता, म्हणजे घनमीटरभर हवेत २२-२३ ग्रॅम वाफ. ही हवा अवघी पाचेक अंशांनी थंड केली की थेंब धरू लागतात. १० अंशांपर्यंत नेली तर घनमीटरमागे सुमारे १४ ग्रॅम पाणी हाती येतं. एक लिटरला सत्तर घनमीटर हवा पुरते, दहा फूट उंचीच्या, अडीचशे चौरस फुटांच्या खोलीतली. आता मे महिन्यातली लातूरची दुपार घ्या: ४० अंश, आर्द्रता २० टक्के. घनमीटरमागे वाफ १० ग्रॅम. तिथे हवा २७-२८ अंशांनी थंड करेपर्यंत एकही थेंब पडत नाही. पार ५ अंशांपर्यंत नेली तरी घनमीटरमागे चारेक ग्रॅमच. एका लिटरसाठी अडीचशे घनमीटर हवा नुसती गार करण्यात बहुतेक वीज जाते. मी मांडलेल्या हिशेबात लातूरला लिटरमागे बाहेर टाकायची एकूण उष्णता मुंबईच्या तिप्पट येते. चांगलं यंत्र मुंबईत लिटरला एक तृतीयांश ते अर्धा युनिट घेत असेल, तर लातूरच्या दुपारी ते एक युनिटच्या पुढे जाईल.

२०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं, तेव्हा पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर पाणी आणू लागली. तेवढं पाणी रोज हवेतून काढायचं, तर लिटरला एक युनिट धरून रोज २५ लाख युनिट वीज लागेल. म्हणजे शंभर मेगावॉटचा संच रात्रंदिवस चालवायचा. समुद्राचं पाणी गोडं करायला हजार लिटरला तीन-चार युनिट पुरतात. हवेतून तेच हजार लिटर काढायला मुंबईतसुद्धा तीनशेच्या वर. दुष्काळग्रस्त गावाला असं यंत्र भेट देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण वीजबिल कोण भरणार आणि उन्हाळ्यात ते किती पाणी देईल, हे त्यांनी आधी त्या गावाच्या हवेत मोजून दाखवलं पाहिजे.

कोरड्या प्रदेशासाठी चौथा मार्ग अधिक आशेचा आहे. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, कारण त्यातले काही क्षार हवेतली वाफ ओढून घेतात. सिलिका जेल, कॅल्शियम क्लोराइड हेच करतात. घेतलेलं पाणी परत काढायला मात्र त्यांना चांगलं तापवावं लागतं, आणि त्यांतले बरेचसे पदार्थ फार कोरड्या हवेत पुरेसं पाणी उचलतही नाहीत. ओमर याघी यांनी या अडचणीवर रसायनशास्त्रातून उत्तर शोधलं. जॉर्डनमधल्या अम्मान शहरात, पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात ते वाढले. घरी पाणी काही दिवसांतून एकदा आणि थोडेच तास यायचं. पुढे त्यांनी धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून जाळीदार स्फटिक बनवायचं शास्त्र उभं केलं. या स्फटिकांना मॉफ म्हणतात. त्यांच्या एका ग्रॅमच्या आत हजारो चौरस मीटर पृष्ठभाग सामावलेला असू शकतो. पोकळ्यांचा आकार आणि त्यांची पाण्याशी जवळीक ठरवून घडवता येते. त्यामुळे २० टक्के आर्द्रतेतही पाणी धरणारा आणि थोड्याशा उष्णतेने ते सोडणारा पदार्थ तयार करता आला. रात्री तो उघडा ठेवायचा, दिवसा पेटीत बंद करून उन्हात. उष्णता देणारं ऊन, वीज शून्य.

२०१७ मध्ये एमआयटीच्या एव्हलिन वांग यांच्यासह त्यांनी असं उपकरण दाखवलं, तेव्हा किलोभर मॉफपासून दिवसाला २.८ लिटर पाणी मिळू शकेल असा अंदाज होता. पुढे अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीसारख्या भाजून काढणाऱ्या जागी निव्वळ उन्हावर चालणाऱ्या उपकरणातून किलोमागे दिवसाला सुमारे २०० ग्रॅम पाणी मिळालं. आकडा लहान आहे, पण इतक्या कोरड्या जागी थेंब मिळणं हीच मोठी मजल आहे. सुसुमु कितागावा आणि रिचर्ड रॉब्सन यांच्याबरोबर याघी यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी हवेतलं पाणी कधी खरंच परवडलं, तर ते बहुधा या वाटेने येईल. थंड करणाऱ्या यंत्रांकडून मला तशी अपेक्षा नाही.

तोवर आपल्या शहरांत एक गोष्ट आजच करण्यासारखी आहे. प्रत्येक एसी हवेतून पाणी काढतोच, आणि त्यासाठीची वीज आपण खोली गार करण्याच्या निमित्ताने आधीच भरलेली असते. दमट दिवसात दीड टनाचा एसी तासाला एक-दोन लिटर पाणी सोडतो. दुबईच्या बुर्ज खलिफामध्ये हे पाणी गोळा करून बागेला देतात. वर्षाला सुमारे दीड कोटी गॅलन, म्हणजे पावणेसहा कोटी लिटरच्या आसपास. मुंबई-ठाण्यात, पणजीत ते भिंतीवरून ओघळतं, खालच्या मजल्याच्या पत्र्यावर टपटपतं आणि शेजाऱ्यांत भांडणं लावतं. हे पाणी थेट पिऊ नये, कारण नळ्यांवरच्या धातूंचा अंश आणि जंतू त्यात असू शकतात. संडासच्या टाकीला, फरशी आणि गाड्या धुवायला, कुंड्यांना ते उत्तम. शंभर एसींच्या सोसायटीत प्रत्येकाने रात्री दहा लिटर दिले, तरी सकाळपर्यंत हजार लिटर होतात. त्यासाठी लागते ती प्रत्येक एसीची निचऱ्याची नळी जोडून घेणारी एक उभी पाइपलाइन आणि तळमजल्यावर एक टाकी. नवी इमारत बांधताना हे नकाशातच घेतलं, तर खर्च नावापुरता आहे.